आभाराचं पान

४ जानेवारी

प्रिय मामा,

वाकून नमस्कार. मामीला सांगा, खरोखर वाकून, खुर्चीतल्या खुर्चीत नाही.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला इथे मोठ्याने बोलायची सोय नाही, म्हणून हे पत्र. विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम मिळालंय. आजवर इथे जेवढे पीएच.डी.चे प्रबंध झाले, ते सगळे पानापानाने स्कॅन करून संगणकावर चढवायचे. खोली तळघरात आहे. खिडकी एकच, तीही अर्धी जमिनीखाली, त्यामुळे दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला तेवढ्या दिसतात. आणि भिंतीच्या भिंती तुमच्या बांधणीच्या! काळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, आतल्या पुठ्ठ्यावर कोपऱ्यात तुमचा तो चिमुकला शिक्का. पहिल्या दिवशी मी इतकी बावरले होते, पण तो शिक्का दिसला आणि घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मामा, माणसं कशाकशावर संशोधन करतात हो! आज सकाळी वटवाघळांचे कान केले. मग रात्रपाळीच्या नर्स दिवसा किती झोपतात ते. जेवणाआधी एका गृहस्थांनी सात वर्षं घालून शोधलेलं, की सुती कापडाचा निळा रंग लाल रंगाआधी का उडतो. जेवणानंतर नावाड्यांच्या शिव्या, अकारविल्हे लावलेल्या. ती मी जरा सावकाश स्कॅन केली. तुम्ही यांना बाहेरून ओळखता, मी आता आतून ओळखायला लागलेय.

तुमचं पुस्तक उघडलं की पान काचेवर सपाट पडतं. दुसऱ्यांची बांधणी उघडली की कणा मोडतो आणि पानं हातात येतात. यंत्र चालवणारा मला म्हणाला, "हे कुणी शिवलेत? पुस्तक आपणहून आडवं होतं." मी म्हटलं, माझ्या मामाने. दिवसभर ताठ मानेने वावरले.

माझा प्रबंध चाललाय. सावकाश, पण चाललाय.

तुमची,
भिंगरी


१३ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद नेहमीचेच, फक्त शाई नवी आहे. अक्षर हललेलं दिसलं तर टेबलाचा पाय डुगडुगतो आहे असं समज.

पत्र मामीने मोठ्याने वाचून दाखवलं. नावाड्यांच्या ओळीला ती थांबली आणि पुढच्या ओळीवर गेली. मी मागून तेवढी पुन्हा वाचली.

तू म्हणतेस मी त्यांना बाहेरून ओळखतो. तसं अगदीच नाही. एक गुपित सांगतो. टायपिस्टांकडून कागद सुटे यायचे, एकेका पानाच्या चार-चार प्रती एकत्र. त्या मी जुळवायच्या, त्यांचे जुज पाडायचे, म्हणजे शिवायच्या जुड्या, आणि मग दोरा. पण त्याआधी चारच्या चहाला मी प्रत्येक गठ्ठ्यातून आभाराचं पान काढून घ्यायचो. बाकीचं मला कळत नसे. वटवाघळाच्या कानात काय असतं ते बाइंडरला काय कळणार? पण आभार कळायचे. एकाने घरमालकाच्या कुत्र्याचे आभार मानलेले, रात्री सोबतीला बसायचा म्हणून. एकीने नवऱ्याचे मानले होते, 'त्यांनी अडथळा आणला नाही' एवढेच. चहा संपला की पान जागच्या जागी ठेवायचं आणि शिवायला घ्यायचं. तेवढी वरकमाई मी आयुष्यभर खाल्ली.

दुकानाच्या पाटीवर काय लिहिलं होतं, आठवतं? 'आजवर एकही पुस्तक परत आलेलं नाही.' मरताना माणसाला दुसरं काय हवं?

आता तू एक कर. मी ज्यांचे आभार वाचले, त्यांनी शोधलं काय, ते मला दर पत्रात सांगत जा.

आणि तुझी किती पानं झाली? रांगेत उभी माणसं एकमेकांशी काय बोलतात यावर प्रबंध! रांगेत उभं राहून डॉक्टर होणारी तू पहिलीच. दुकान बंद केलं तेव्हा काळ्या कापडाचा एक तुकडा राखून ठेवलाय. तुझ्या मापाचा.

मामा


२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आज तुम्हाला पोट धरून हसवते.

पुलांना भेगा कशा पडतात यावरचा एक जाडजूड प्रबंध उघडला, एका इंजिनियर बाईंचा, एकोणतीस वर्षांपूर्वीचा. आणि आभाराच्या पानावर हे:

'माझ्या वहिनीने सलग पाच महिने स्वयंपाकघराचा एक कोपरा झाडला नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांची बोलणी खाल्ली, सख्ख्या आईचीसुद्धा, पण झाडू लावला नाही आणि कारणही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक बघायला आले असते आणि मुंग्या बुजल्या असत्या. हा प्रबंध त्या कोपऱ्यात झाला. पदवी माझ्या नावापुढे लागेल, काम तिचं आहे.'

पुलाच्या प्रबंधात मुंग्या! मी पान तीनदा उलटसुलट केलं. मग आठवलं, मागच्याच आठवड्यात मुंग्यांच्या वाटांवरचा एक प्रबंध केला होता, त्यात आभार होते ते असे: 'भर उन्हात रोज शिडी धरून उभ्या राहणाऱ्या मिस्त्रीकाकांचे आभार. भेगांत काय बघायचंय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. बघा निवांत, मी धरलीय, एवढंच म्हणायचे.' तेव्हा मला काहीच खटकलं नव्हतं. मुंग्या भेगांत राहतात, भिंती उंच असतात, शिडी लागत असेल!

म्हणजे दोघांची आभाराची पानं अदलाबदल झालेली. त्या काळच्या टायपिस्टाने काय घोळ घातलाय बघा. शिक्का दोन्हींवर तुमचाच आहे, त्यामुळे बांधणी मात्र अशी पक्की की चूकसुद्धा एकोणतीस वर्षं हलली नाही.

कोपरा न झाडणाऱ्या वहिनी मला फार आवडल्या. त्यांना हे दाखवायला हवं होतं, नाही?

भिंगरी


२६ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

मी मामी. मला पत्र लिहायची सवय नाही, थोडक्यात लिहिते.

तू काय लिहिलंस गं त्या पत्रात? नेहमी मी वाचून दाखवते. हे त्यांनी स्वतः भिंग लावून वाचलं आणि खिशात घातलं. त्या दिवसापासून चारचा चहा घेत नाहीत. समोर ठेवला तर म्हणतात, नको, त्याने घात केला. चहाने कुणाचा घात होतो का? माळ्यावरून दाभण, दोरा, खळीची डबी काढली आणि नुसते समोर घेऊन बसतात. सुईत दोरा ओवता येत नाही त्यांना आता, हात थरथरतात. टेबलाचा पाय चांगला आहे. हे तुला सांगायचं नाही असं मला बजावलंय, म्हणून सांगते.

आणखी एक. तुझा प्रबंध खरंच चाललाय का? तुझं 'सावकाश' मला लहानपणापासून ठाऊक आहे. अभ्यास सावकाश चाललाय म्हणायचीस तेव्हा पुस्तक पलंगाखाली असायचं.

वेळेवर जेव.

मामी


१ मार्च

भिंगरी,

टायपिस्टाचा दोष नाही. बिचाऱ्याला उगाच बोल लावू नकोस. चूक माझी.

मला तो दिवस स्वच्छ आठवतो. शेवटची तारीख, दोघांनाही रात्री नऊच्या आत प्रबंध जमा करायचे होते. मुंग्यांवाला मुलगा दारात उभा होता, दुसऱ्या दिवशी नोकरीला लांब जाणार म्हणून सारखा घड्याळ बघत होता. इंजिनियर बाई आत बाकावर. एवढ्या घाईत तरी चहा सोडावा की नाही? पण नाही. मी दोन्ही गठ्ठ्यांतली आभाराची पानं काढली, चारी प्रती, कपाच्या दोन बाजूंना ठेवली आणि वाचली. वहिनीचं पान वाचून डोळ्यांत पाणी आलं, चष्मा पुसायला काढला. तशातच मुलगा म्हणाला, काका, पावणेपाच. मी चष्म्याशिवायच दोन्ही पानं परत घातली आणि शिवायला घेतलं.

डोळ्यांत पाणी आलं याची मला त्या दिवशी फुशारकी वाटली होती. घरी येऊन तुझ्या मामीला सांगितलंही. आणि जिच्यासाठी आलं, तिचंच पान मी पुलाखाली टाकलं.

पाटी खोटी होती, भिंगरे. पुस्तक परत आलं नाही कारण कुणी उघडलं नाही, किंवा उघडलं आणि गप्प राहिलं. माणसाने हयातभर एकच गोष्ट अभिमानाने सांगावी आणि तीच नेमकी अशी निघावी!

त्यांना शोधून काढ. ती वहिनी हयात आहे का ते बघ. मला झोप नाही.

मामा


२२ मार्च

प्रिय मामा,

शोधलं. एका दमात सांगते.

इंजिनियर बाई आता निवृत्त झाल्या आहेत. फोनवर खळखळून हसल्या. त्यांना आठवडाभरातच कळलं होतं. मिस्त्रीकाकांना त्यांनी समोर बसवून आपलं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं आणि विषय संपवला. "पण मला एक सांग," म्हणाल्या, "त्या कोपऱ्याचं पुढे काय झालं? एकोणतीस वर्षं मला तो प्रश्न छळतोय."

मुंग्यांचे सर अजून शिकवतात, इथून खूप लांब. त्यांना मी लिहिलं, त्यांचं उत्तर काल आलं. मामा, ते वाचून मी तळघरात रडले. त्यांचे आईवडील लवकर गेले, त्यांना वहिनींनीच वाढवलं. प्रबंध जमा केला त्याच रात्री स्वतःची प्रत न उघडताच त्यांनी वहिनींच्या हातात ठेवली, म्हणाले, आधी तिसरं पान वाच, आणि सकाळच्या गाडीने गेले. पुढे पत्रं आली-गेली, फोन झाले, सुट्टीत येणंजाणं झालं. वहिनींनी त्या पानाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. सरांना वाटलं, आपण लिहिलेलं तिला कमी वाटलं, किंवा झाडलं नाही हे चारचौघांत सांगितल्याचा राग आला. विचारायचा धीर झाला नाही. बाकी माया तशीच, पण एवढा एक काटा तिथेच राहिला, असं त्यांनी लिहिलंय.

वहिनी हयात आहेत. बाहत्तर वर्षांच्या, ठणठणीत. तुमच्यापासून बसने दोन तासांवर. सर म्हणतात, मी फोनवर सांगू शकतो, पण ती म्हणेल मी आता सारवासारव करतोय. ज्यांनी बांधलं त्यांनीच सांगितलं तर बरं. खऱ्या पानाची छापील प्रत सोबत जोडली आहे, पत्ता मागे आहे.

तुम्ही एवढं खरं बोललात, तर मीही बोलते. माझा प्रबंध चाललेला नाही. आठ महिन्यांपूर्वी सोडला. अकरा वह्या भरल्या होत्या, रांगांमधल्या बोलण्याच्या. मार्गदर्शक म्हणाले, छान आहे, पण हे वाचणार कोण? मी वह्या उचलल्या आणि घरी आले. इथे येऊन तर पटलंच. चार हजार प्रबंध, आणि बहुतेकांच्या मागची, वाचायला नेल्याच्या तारखांची चिठ्ठी कोरी. तुम्ही कापड राखून ठेवलंय म्हटल्यावर जीभ उचलली नाही. रागवा, पण चहा पुन्हा सुरू करा.

भिंगरी


१० एप्रिल

चि. भिंगरीस,

जाऊन आलो. मामी बरोबर होती. ती नसती तर मी फाटकातूनच परत फिरलो असतो.

दार वहिनींनीच उघडलं. मी म्हटलं, मी बाइंडर. त्या म्हणाल्या, "विमा असेल तर आमचा काढून झालाय." मग मी उभ्याउभ्याच सगळं सांगायला लागलो, चहा, चष्मा, पावणेपाच. त्यांनी मध्येच थांबवलं. "बसा आधी. चूक उभ्याने सांगू नये, चक्कर येते."

बसलो. पान हातात दिलं. त्यांनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मी मामीकडे बघत होतो आणि मामी जमिनीकडे.

मग म्हणाल्या, "अहो, मी त्या शिडीवाल्याचा किती राग राग केला! मनात म्हणायची, मेल्याने असं काय केलं? शिडीच धरली ना? आम्ही पाच महिने झाडू धरला नाही, त्याचं काहीच नाही!" आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता कधी रडायला लागल्या ते मला कळलं नाही. मामी उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

नंतर म्हणाल्या, "मला वाटलं, पोर मोठ्या जगात निघालंय, स्वयंपाकघर लिहायची लाज वाटली असेल. वाटू दे. म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं."

कपाटातून प्रबंध आणला, मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला. आणि आता नीट ऐक. कडा हाताळून काळ्या झालेल्या, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. बाईंनी सगळा वाचलाय. दोनशे चाळीस पानं! कळेना तिथे शेजारच्या मास्तरणीला विचारून, वर्षानुवर्षं. का? तर आपला कोपरा आत कुठे सापडतो का बघायला. आणि सापडला! चौथ्या प्रकरणात, तक्त्यात. 'ठिकाण क्रमांक तीन : घरगुती, ओलसर कोपरा.' तिथे बोट ठेवून म्हणाल्या, "ओलसर कुठला? माझं स्वयंपाकघर कोरडं खडखडीत होतं. पण बघा, सगळ्यांत सरळ वाट याच मुंग्यांनी काढली. बाकी पाच ठिकाणच्या नुसत्या भटकल्या." गावातल्या हुशार मुलीबद्दल सांगावं तसं सांगत होत्या. तू मला मुंग्यांनी काय शोधलं ते सांगणार होतीस ना? मला वहिनींनी सांगितलं. तासभर.

मी खळीची डबी उघडली. शिडीवाल्याचं पान अलगद काढणार, तर त्यांनी माझा हात धरला. "त्याला राहू द्या. इतकी वर्षं या घरात राहिलाय. आणि खरं म्हणजे, शिडी धरणंही काही सोपं नाही." म्हणून दोन्ही पानं समोरासमोर ठेवली. माझा हात थरथरतो, हे तुला त्या फितूर बाईने कळवलेलंच आहे. खळ मी लावली, पान वहिनींनी सरळ धरलं, मामीने दाबलं. तिघांच्या सहा हातांत मिळून एक पान बसलं. पण असं बसलंय की काय सांगू.

मग त्यांनी दिराला फोन लावला. म्हणाल्या, "भाऊजी, पान वाचलं. जरा उशीर झाला वाचायला."

इंजिनियर बाईंना कळव, निघताना मी पाहिलं: कोपरा झाडलेला आहे, पण फडताळाखाली साखरेचे चार दाणे मुद्दाम ठेवलेले असतात.

तुझ्यावर रागावलो आहे. सोडलास म्हणून नव्हे, आठ महिने एकटीच गिळून बसलीस म्हणून. तू विचारतेस, वाचणार कोण. भिंगरे, ती चिठ्ठी कोरी आहे आणि त्या बाईच्या पुस्तकाच्या कडा काळ्या आहेत. तुझ्या अकरा वह्यांत जी माणसं बोलली आहेत, त्यांतला एखादा आपण त्यात सापडतो का म्हणून कधी येणारच नाही, असं तुझ्या मार्गदर्शकांनी लिहून दिलंय का? बाइंडरला यापेक्षा जास्त कळत नाही. कापड कापडाच्या जागी आहे.

चहा कालपासून सुरू केला.

मामा


१५ मे

प्रिय मामा,

ग्रंथालयातल्या दोन्ही प्रतींतली पानं आता आपापल्या घरी गेली. साहेबांनी रीतसर अर्ज मागितला. 'चुकीचे कारण' या रकान्यात मी 'चहा' लिहिलं, आणि त्यांनी सही केली!

पलंगाखालून वह्या काढल्या. हो, पलंगाखालीच होत्या, मामीला सांगू नका. गेले पाच रविवार मी पुन्हा रांगेत उभी आहे. काल दवाखान्याच्या रांगेत एका आजोबांनी मला विचारलं, "सारखं काय लिहितेस?" मी सांगितलं. म्हणाले, "मग माझं नीट लिही," आणि वाक्य पुन्हा, सावकाश बोलून दाखवलं. चौदा पानं झाली आहेत. खरी, मोजून.

लोक आभार सगळ्यात शेवटी लिहितात. मी आधी लिहिले. सोबतच्या बंद पाकिटात ते एकच पान आहे. यातलं पान वेगळं काढून वाचण्याचा प्रश्नच नाही, वेगळंच पाठवलंय. तुमच्याकडे असू दे. उरलेलं मागून येतंय.

तुमची,
भिंगरी


२४ मे

चि. भिंगरीस,

पाकीट पोचलं. उघडलं नाही. एकदा पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. बाकीची दोनशे पानं हातात येतील, जुज पडतील, तेव्हाच ते पान बाहेर निघेल. तोवर ते कापडाखाली सुरक्षित आहे. दोरा ओवायला मामी तयार आहे; शिलाई माझी, थरथरली तरी माझीच.

लवकर लिही. एकच पान घेऊन बसलेला बाइंडर बरा दिसत नाही.

मामा

ता. क. मी मामी. उघडलं नाही म्हणतात ते साफ खोटं. रोज चारला चहाबरोबर वाचतात, चष्मा पुसतात आणि परत ठेवतात. त्याच पाकिटात ठेवलं ना, ते मात्र मी उठून स्वतः बघते.